टपरीवरचा क्यूआर कोड कुठं गेला?

या वेळची पत्रं गटागटानं आलीत. 'आम्ही चौघं', 'आमची भिशी', 'आमचा कट्टा' अशीच सुरुवात. मला बरंच वाटलं. कॉमर्स शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण वर्गात हात वर करून 'बाई, यात पैसा नेमका कुणाच्या खिशातनं जातो?' असं कुणी विचारल्याचं आठवत नाही. परीक्षेत येत नव्हतं ना! आता मात्र विचारणारे भेटतायत, तेही टपरीवर.

प्रश्न : बाई, आम्ही चार मित्र काम सुटल्यावर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका टपरीवर जमतो. तिथल्या काकांनी परवा क्यूआर कोडचा फलक उलटा करून त्यावर खडूनं 'फक्त रोख' लिहिलं. आमच्यातला एक म्हणतो, यूपीआयला आता चार्ज लागतो. दुसरा म्हणतो, जीएसटीची नोटीस आली असणार. तिसऱ्याचं म्हणणं, काका कर चुकवतायत. विषय हमरीतुमरीवर गेला. काका काही बोलत नाहीत. खरं काय असेल?

उत्तर : पोरांनो, काकांसमोर 'कर चुकवता काय' अशी चर्चा केलीत, तर ते बोलतील कशाला? तुमचा चहा बंद केला नाही हेच नशीब.

चार्जचं आधी बघू. यूपीआय आलं २०१६ मध्ये. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून दुकानदाराला केलेल्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून कमिशन घ्यायचं नाही असा नियम आहे. मग ही यंत्रणा फुकट चालते का? फुकट काहीच चालत नाही. बँका आणि ॲपवाले खर्च सोसतात आणि सरकार त्यांना थोडा हातभार लावतं. २०२४-२५ साठी केंद्रानं यापोटी १,५०० कोटी रुपये ठेवले होते. छोट्या दुकानदाराकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के. म्हणजे तुमच्या दहाच्या चहामागं दीड पैसा, आणि तो काका देत नाहीत, सरकारी तिजोरी देते. तिजोरीत पैसा कुणाचा, ते तुम्हीच सांगा. काकांच्या खिशातून जात असेल तर 'दहा रुपये प्राप्त झाले' असं ओरडणाऱ्या त्या डबीचं महिन्याचं भाडं. ॲपवाल्यांना खरा रस आहे तो काकांच्या रोजच्या गल्ल्याच्या नोंदीत, कारण त्या नोंदीवर पुढं कर्ज विकता येतं.

आता नोटीस. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या विक्रीकर खात्यानं यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून बंगळुरात छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. तिथं दुकानादुकानात 'नो यूपीआय'चे कागद लागले. तो व्हिडिओ निपाणी ओलांडून आपल्याकडं यायला वेळ लागतो होय? पण नियम काय ते बघा. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. बसवून खायला-प्यायला देणाऱ्याला ही मर्यादा २० लाखांची. एकही सुटी न धरता हे दिवसाला सुमारे ५,४८० रुपये होतात. दहाचा चहा धरला तर साडेपाचशे कप! एक दिवस बसून मोजा. वर भजी, वडापाव असेल तर टपरी मर्यादेच्या पुढं जाईलही, नाही असं नाही. तरी त्यांच्यासाठी दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला सरसकट ५ टक्क्यांची सोपी योजना आहे. आणि मर्यादा मोजताना रोख की मोबाईल असा भेद कायदा करत नाही. फलक उलटा केल्यानं उलाढाल कमी होत नाही, फक्त दिसायची बंद होते.

आयकरात तर उलटंच आहे. छोट्या धंद्यासाठी अंदाजानं नफा धरायची सोय आहे. रोखीतल्या विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के. २० लाख सगळे रोखीत आले तर नफा १ लाख ६० हजार, सगळे यूपीआयनं आले तर १ लाख २० हजार. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही. तुमच्या तिसऱ्या मित्राला हे वाचून दाखवा.

मग काका घाबरले कशाला? आमच्या रंकाळ्यावरच्या सकाळच्या फेरीत एक मैत्रीण आहे, सहकारी बँकेतून निवृत्त झालेली. तिनं कपिलतीर्थ मंडईतल्या एका भाजीवालीच्या खात्याचा उतारा तिच्याशेजारी पोत्यावर बसून वाचला. मेथी-पोकळ्याचे पैसे होतेच. पण त्याच खात्यात भिशीचे पैसे, दिरानं परत केलेली उसनवारी, पोराच्या फीसाठी भावानं पाठवलेली रक्कम, असं सगळं एका रांगेत. दोघींनी पेन्सिलीनं खुणा केल्या, तेव्हा कुठं भाजी किती आणि भाऊ किती ते वेगळं झालं. बाहेरून बघणाऱ्याला ती सगळी विक्रीच वाटणार. गोम इथं आहे. धंद्याचं खातं वेगळं काढलं की निम्मी भीती जाते. हे काकांना सांगा, आणि खातं काढायला एकानं बरोबर जा.

आणखी एक कारण असू शकतं, त्याचा कराशी संबंधच नाही. खात्यात पैसा पडला की कर्जाचा हप्ता आपोआप कापला जातो. इकडं सकाळी दूधवाला आणि संध्याकाळी पिग्मीवाला (रोजची बचत गोळा करणारा) दारात उभे, दोघांनाही रोख पाहिजे. असं असेल तर माणूस चारचौघांत सांगत नाही. विचारायचं तर गर्दी नसताना एकट्यानं विचारा.

प्रश्न : मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या मैत्रिणींत वाद झाला. कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक) मानांकन असताना प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल मिलानमध्ये दाखवली, तरी कोर्टात काहीच कसं झालं नाही? एक मैत्रीण म्हणते, मग जीआयचा उपयोग शून्य.

उत्तर : शून्य नाही गं, पण तुम्हाला वाटतं तेवढाही नाही. जीआय राखतं ते नाव. २०१९ मध्ये 'कोल्हापुरी चप्पल' या नावाला ते मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. आपल्यातल्या काहींना ते कर्नाटकचे चार अजून पचत नाहीत, पण अथणीच्या कारागिरानं बनवलेली चप्पलही तितकीच कोल्हापुरी आहे, आणि पिढ्यान् पिढ्या होती. या आठ जिल्ह्यांबाहेर बनवून कुणी 'कोल्हापुरी' म्हणून विकली तर ते या कायद्याचं उल्लंघन. जून २०२५ मध्ये प्रादानं नावच घेतलं नव्हतं. नुसती चामडी सँडल म्हणून दाखवली, आणि बोंब झाली ती त्यामुळंच. आकार राखायचा तर डिझाईनचा कायदा आहे, पण तो नव्या डिझाईनला लागू. आजोबांच्या पणजोबांनी घातलेल्या चपलेला नवं कोण म्हणणार? शिवाय जीआयची नोंदणी भारतात, दाखवली इटलीत.

कोर्टाचं म्हणशील तर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती, जुलैमध्ये ती फेटाळली. अर्जदार वकील होते आणि जीआयचे नोंदणीधारक नव्हते. दाद मागायची तर ज्यांच्या नावावर नोंदणी आहे त्यांनी मागावी, असा तो मुद्दा. नोंदणी आहे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. पहिल्या वर्षाला आहेस तर हा भाग वहीत लिहून ठेव, 'दावा कुणी आणायचा' हा प्रश्न तुला जन्मभर पुरेल.

तरी पुढं काही झालंच. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं प्रादाला पत्र लिहिलं, कंपनीनं भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं कबूल केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला. २,००० जोड, किंमत जोडाला सुमारे ८०० युरो. म्हणजे ८० हजारांच्या वर. यातला कारागिराच्या हातात किती पडणार, तेवढंच विचारायचं राहतं.

चप्पल लाईनला एकदा नुसती बघायला जा, घ्यायला नको. आणि तिथून पुढं सुभाषनगरात, जिथं ती बनते. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, खिळा नाही, शिवण चामड्याच्याच वादीची. दोन बाजूंना कान, त्यावर पट्टा, पुढं अंगठा. पट्ट्यावरची बारीक वेणी बहुतेक घरातल्या बायका घालतात. एका ठिकाणी मी बघत उभी होते, बाई वेणी घालता घालता टीव्हीवरची मालिका बघत होती आणि बोटं चुकत नव्हती. तिला विचारलं, जीआयचं कार्ड काढलं का? ती म्हणाली, "त्ये मालकाला इचारा." बघ, आता तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न नीट मांडता येईल. मानांकन मिळालं तरी प्रत्येक उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करावी लागते. वेणी घालणारीचं नाव त्या कागदावर कुठं येतं? तुम्ही सगळ्या कायद्याच्या विद्यार्थिनी, सुट्टीत दहा जणींचे अर्ज भरून द्या. अर्ज भरताना जेवढा कायदा कळेल तेवढा वादात कळायचा नाही.

प्रश्न : आमच्या गावात पारावर चर्चा आहे की एआयनं उसाचा उतारा वाढतो. घ्यावं का? (एक शेतकरी, ता. करवीर)

उत्तर : बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं हा प्रयोग केलाय. जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रं, हवामान केंद्र, उपग्रहाची चित्रं यावरून पाणी आणि खत कधी द्यायचं ते मोबाईलवर येतं. पाटानं मोकळं पाणी सोडायची आपली सवय बघता फायदा होईल असं मला वाटतं, निदान पाणी वाचेल. पण आधी विचारा, यंत्राचा खर्च कारखाना किती उचलतो, अनुदान संपल्यावर वर्षाची वर्गणी किती, आणि तुमच्या शेताची माहिती कुणाकडं राहते. जवळच्या शेतात चालू असेल तिथं जाऊन बघा, माहितीपत्रकावर जाऊ नका. एफआरपी, म्हणजे उसाला केंद्रानं ठरवलेला किमान दर, २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेला) टनाला ३,५५० रुपये होता आणि त्यावरच्या उताऱ्याला वाढीव दर मिळतो. पण तो उतारा अख्ख्या कारखान्याचा धरतात, तुमच्या फडाचा नव्हे. म्हणजे तुमचा फायदा टनात, साखरेत नव्हे. आणि टन आला की वजनकाटा आला. त्याच्यासाठी एआय कधी येणार, ते पारावर विचारून मला कळवा.

प्रश्न : आमची बारा जणींची भिशी आहे. साड्या आणि सुना सोडून दुसरं बोलायचं ठरवलं. पहिल्याच वेळी शेअर बाजाराचा विषय काढला. जिला त्यातलं कळतं ती तासभर बोलली, बाकीच्या पोहे खात बसल्या. काय करावं?

उत्तर : शेअर बाजार राहू दे. पुढच्या वेळी प्रत्येकीनं घरचं लाईट बिल आणावं, बारा बिलं मध्ये पसरावीत. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. यातला एकेक शब्द एकेकीनं वाचावा. कुणीतरी नक्की म्हणेल की १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महागतं. तसं नसतं. पहिल्या १०० ला पहिलाच दर, पुढच्या २०० युनिटांना त्याच्या वरचा, असा टप्प्याटप्प्यानं लागतो. हे कागदावर आकडे मांडून बघा. मांडणी करायला जी सगळ्यात कमी बोलते तिला बसवा. शेअरवाल्या बाईंना पोह्यांचं बघू दे.

भिशीची चिठ्ठी मात्र आधी काढून घ्या, नाहीतर कुणाचंच लक्ष बिलात राहायचं नाही.