मुलीला दगड-मातीतून माणसाचं गाव शोधायचंय

प्रश्न : आम्ही भंडारा जिल्ह्यातले शेतकरी. मुलगी नागपूरला बी.एस्सी. जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दातातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून माणूस कुठला ते कळतं, मला त्यासाठीचे नकाशे करायचेत, असं म्हणते. यात नोकरी असते का? की तिने पुरातत्त्व घ्यावं?

उत्तर : नमस्कार भाऊ. या कामाच्या नावाने जागा निघाल्याची जाहिरात तुम्हाला पेपरात दिसणार नाही. तरी तिला जिऑलॉजी सोडू देऊ नका.

खडकातल्या रुबिडियम-८७ या किरणोत्सारी मूलद्रव्याचं फार सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ होतं. निम्मं व्हायलाच जवळपास ५,००० कोटी वर्षं लागतात. त्यामुळे खडक जुना आणि रुबिडियम भरपूर असेल, तर स्ट्रॉन्शियम-८७ चं न वाढणाऱ्या स्ट्रॉन्शियम-८६ शी गुणोत्तर वाढतं. नागपूरच्या पश्चिमेचा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, त्यात रुबिडियम कमी. तुमच्याकडचे नाइस खडक त्याच्या कितीतरी पट जुने. हा फरक मातीतून पिकात आणि अन्नातून लहान मुलाच्या दातात उतरतो. दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, एकदा तयार झालं की बदलत नाही. पण दात मोजून काय उपयोग, कुठल्या जमिनीचं गुणोत्तर किती, हे ताडून पाहायला नकाशा नसेल तर?

आणि नकाशा चुकला तर काय होतं ते डेन्मार्कमध्ये दिसलं. एग्टव्हेडला १९२१ मध्ये ओकच्या शवपेटीत एक तरुणी सापडली, इ.स.पू. १३७० च्या सुमाराची. २०१५ मध्ये स्ट्रॉन्शियमवरून सांगितलं गेलं, ही परदेशातून, बहुधा जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टकडून आलेली. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की तिथल्या ज्या पाण्याचे आकडे नकाशासाठी धरले होते, त्यातलं गुणोत्तरच शेतात टाकलेल्या चुन्याने बदललंय. न कसलेल्या जमिनीचे आकडे धरले तर ती तिथलीच असू शकते. वाद अजून आहे. तुमच्या मुलीला जे करायचंय, ते नेमकं हेच काम आहे.

तिला सांगा, रसायनशास्त्र पक्कं कर. मी एका प्रयोगशाळेत पाहिलंय: डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घातलेली विद्यार्थिनी करंगळीएवढ्या नळीत थेंब-थेंब ॲसिड सोडत दिवसभर बसली होती. एवढं करून हाती येतात दशांशचिन्हापुढचे पाच-सहा आकडे. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं, त्याने इकडे फिरकू नये. जोडीला संख्याशास्त्र आणि क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिकावं. पुरातत्त्व एम.ए.ला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुढेही करता येईल. उलट्या वाटेने जिऑलॉजीत शिरणं अवघड.

एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी, मग पीएच.डी.साठी नेट किंवा गेट. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, लखनौची बिरबल साहनी संस्था इथे पीएच.डी.च्या वाटा आहेत. पण पीएच.डी. म्हणजे पाच-सहा वर्षं फेलोशिपवर, हे घरात आधीच बोलून घ्या. एम.एस्सी. झाल्यावर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देऊन भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. तो दरवाजा उघडा ठेवाच. अन्नपदार्थ नेमका कुठला, हे तपासायलाही हीच पद्धत वापरतात. रत्नागिरीच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरणाऱ्यांना हे कळलं, तर झोप उडेल!

सुट्टीत ती घरी आली की बांधावरची झुडपं आणि शेतातली माती यांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरायला लावा. कुठल्या धुऱ्यालगत किती सुपर फॉस्फेट पडलं, कधी पडलं, हे तिच्या वहीत तुम्हीच लिहून द्या.