वाढ नीट मोजली का?

या वेळी सोलापूर शहरातून आणि तालुक्यांतून आलेली बरीचशी पत्रे मुलांची उंची, लवकर येणारे वय, थायरॉईड आणि इन्सुलिन याबद्दल आहेत. एकाच प्रकारच्या पत्रांना एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, चौथीत आहे. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला. गेल्या जूनमध्ये शाळेत मोजला तेव्हा ११५ सेंटिमीटर भरला, या जूनमध्ये घरी दाराच्या चौकटीला उभा करून मोजला तर ११८. माझी उंची १६५, पत्नीची १५२. घरात सगळे म्हणतात, बाप तरी कुठे ताडमाड आहे? थांबावे की दाखवावे? (जुळे सोलापूर)

दाखवा. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वर्षाला ४ सेंटिमीटरच्या आत वाढ असेल तर कारण शोधावेच लागते, आणि तुमच्या आकड्यांवरून ती ३ च दिसते. पण हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. शाळेत बूट घालून मोजले असेल तर दीड-दोन सेंटिमीटर तिथेच वाढले, म्हणजे खरी वाढ ५ च्या आसपासही असू शकेल. शिवाय दिवसभराच्या धावपळीने पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची सकाळपेक्षा जवळजवळ १ सेंटिमीटरने कमी भरते. म्हणून आधी एक माप पक्के करा.

चौकट सोडा, तिला बहुधा उंबरा असतो. फरशीलगत पट्टी नसलेली सरळ भिंत निवडा. बूट-मोजे काढा, मुलगी असेल तर वेणी-अंबाडा सोडा. टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकलेले, गुडघे सरळ, नजर समोर. डोळ्याची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत आले पाहिजे, कारण हनुवटी वर गेली की माप चुकते. डोक्यावर सुताराचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचे पुस्तक ठेवा, त्याची एक बाजू भिंतीला पूर्ण चिकटलेली हवी. पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण करा आणि स्टीलच्या टेपने फरशीपासून मोजा. मुलाला बाजूला काढून पुन्हा उभे करा, असे तीनदा करून सरासरी घ्या. तारीख, वेळ आणि दशांशासह आकडा वहीत लिहा. पुढचे माप त्याच वेळी, ६ महिन्यांनी. दर महिन्याला मोजून काही कळत नाही, कारण महिन्याची वाढ अर्धा सेंटिमीटर आणि मोजण्यातली चूकही जवळपास तेवढीच.

पण त्या ६ महिन्यांची वाट पाहत घरी बसू नका. लसीकरणाचे कार्ड, अंगणवाडीची नोंद, शाळेच्या आरोग्य तपासणीचा कागद, जे सापडेल ते गोळा करा. जुने ४-५ आकडे वाढीच्या तक्त्यावर मांडले की डॉक्टरांना एका नजरेत दिसते की मूल पहिल्यापासून खालच्या पण आपल्या रेषेवर चालले आहे, की मधेच रेषा सोडून खाली उतरले आहे. दुसरा प्रकार जास्त काळजीचा. आपल्याकडे ५ वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता वापरतात आणि ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा.

'बापावर गेलाय' हे तपासायचे गणित सोपे आहे. मुलासाठी आई-वडिलांच्या उंचीच्या बेरजेत १३ मिळवा आणि २ ने भागा. मुलीसाठी १३ वजा करा. तुमचे उत्तर येते १६५, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ८ सेंटिमीटरचा पट्टा. तक्त्यावर मुलाची रेषा त्या पट्ट्याकडे जात असेल तर घरच्यांचे म्हणणे खरे. खाली जात असेल तर आई-वडिलांच्या उंचीचा आधार घेऊन गप्प बसता येणार नाही. स्वतःला आणखी एक विचारा : तुमची उंची दहावीनंतर एकदम वाढली का? पत्नीला पाळी उशिरा आली होती का? तसे असेल तर मुलगा उशिरा वाढणाऱ्यांपैकी असू शकतो. डाव्या हाताच्या पंजाच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात. ते खऱ्या वयापेक्षा मागे असेल तर वाढायला अजून जागा शिल्लक आहे. मुलींचे हाडांचे वय १४ आणि मुलांचे १६ च्या आसपास गेले की उंची जवळजवळ संपते. मग कोणत्याही औषधाला फारसे काही करता येत नाही. उशीर नको म्हणतो तो एवढ्यासाठी.

पहिल्या फेरीच्या तपासण्या साध्या असतात : हिमोग्राम, ईएसआर, थायरॉईडसाठी टीएसएच आणि फ्री टी-४, क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, लघवी, आणि सीलिॲकसाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजारासाठी, टीटीजी-आयजीए. सोबत एकूण आयजीएही करावे, कारण काही मुलांत तेच कमी असते आणि चाचणी खोटी चांगली येते. मुलगी ठेंगणी असेल तर गुणसूत्रांची तपासणी टाळू नका. टर्नर सिंड्रोम, म्हणजे मुलींतला एक्स गुणसूत्राचा दोष, बाहेरून दिसतोच असे नाही.

टीटीजीबद्दल आपल्या भागात एक गफलत हमखास होते. ही चाचणी मूल रोज गहू खात असेल तरच विश्वासाची. सोलापुरात अनेक घरांत दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी असते आणि चपाती फक्त डब्यापुरती. म्हणून रोज किती चपात्या पोटात जातात ते डॉक्टरांना सांगा, आणि चाचणीआधी स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका. पुढे सीलिॲक निघालाच तर मंगळवेढ्याची ज्वारी हाताशी असणे ही मोठी सोय. फक्त पीठ वेगळे दळा. गिरणीत आधी गहू दळला असेल तर दगडात अडकलेले गव्हाचे पीठ पहिल्या किलो-दोन किलोत उतरते, आणि तेवढेही या मुलांना बाधते. बाजारातल्या खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, तेही पाहा.

सुरुवात सिव्हिलच्या बालरोग ओपीडीत किंवा तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते, तेही चिठ्ठी देऊन पुढे पाठवू शकते. मुलांच्या हार्मोनच्या तज्ज्ञांकडे जायची वेळ आली आणि त्यासाठी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जावे लागले, तर मापांची वही, जुने रिपोर्ट आणि एक्स-रेची फिल्म सोबत हवी. फिल्म नसली की नुसत्या लेखी रिपोर्टवर हाडांचे वय तज्ज्ञाला स्वतः पाहता येत नाही आणि एक फेरी वाया जाते.

प्रश्न : लॅबमध्ये ग्रोथ हार्मोन तपासले, ०.२ आले. हार्मोनच नाही म्हणून रोज इंजेक्शन लागेल असे ऐकतो आहोत. (अशोक चौक)

त्या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. ग्रोथ हार्मोन दिवसभर सारखे वाहत नाही, झटक्या-झटक्याने सुटते आणि सर्वांत जास्त रात्रीच्या गाढ झोपेत. दुपारी सुईला ०.२ सापडणे धडधाकट मुलातही नेहमीचे. खरी चाचणी म्हणजे उपाशीपोटी औषध देऊन मेंदूखालच्या ग्रंथीला चेतवायचे, उदाहरणार्थ क्लोनिडीन किंवा ग्लुकागॉन, आणि दर अर्ध्या तासाला रक्त घ्यायचे. क्लोनिडीनने रक्तदाब उतरतो, मूल पेंगते, म्हणून ही चाचणी दवाखान्यात पलंगावर, बीपी बघतच व्हायला हवी. कमतरता ठरवायला दोन वेगवेगळ्या औषधांच्या चाचण्या कमी याव्या लागतात. त्याआधी थायरॉईड सुधारलेले हवे, नाहीतर निकाल खोटा कमी येतो. वयात येण्याच्या उंबरठ्यावरच्या मुलाला आधी काही दिवस लैंगिक हार्मोनची तयारी द्यावी लागते, ते तज्ज्ञ ठरवतील.

कमतरता पक्की झाली तर मात्र उपचाराला घाबरू नका. इंजेक्शन रोज रात्री झोपताना, कातडीखाली, मांडी-पोट-दंड अशी जागा बदलत द्यायचे. पेन किंवा कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्याला टेकलेली नको. एकदा गोठलेले औषध फेकूनच द्यायचे. पावडरची कुपी असेल तर पाणी काचेच्या कडेने सोडा आणि हलकेच गोल फिरवा. खळखळून हलवली की प्रथिने मोडतात आणि फेस येतो. सर्वांत महागात पडणारी चूक एककाची आहे. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. २० किलोच्या मुलाचा रोजचा डोस साधारण ०.६६ मिलिग्रॅम, म्हणजे २ युनिट. चिठ्ठीतले '२' कुणी मिलिग्रॅम म्हणून वाचले तर तिप्पट जाते. आकड्याशेजारी एकक लिहून घेतल्याशिवाय ओपीडीतून उठू नका. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. डोकेदुखीसोबत उलट्या, किंवा मूल लंगडायला लागले, कंबरेत-गुडघ्यात दुखू लागले, तर इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : उंची वाढवणारी पावडर द्यावी का? (मोहोळ)

नको. ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २३ ग्रॅम प्रथिने लागतात. एक अंडे ६ ग्रॅम, पाव लिटर दूध ८, मूठभर शेंगदाणे ७, वर रोजची डाळ-भाकरी, आणि ती गरज भागते. मूल कुपोषित असेल तर पोटभर जेवण उंची देते. हार्मोनची कमतरता असेल तर डबा देत नाही, उलट वर्ष खातो.

प्रश्न : मुलगी ७ वर्षे ४ महिन्यांची. एका बाजूच्या छातीत लिंबोळीएवढी गाठ लागते, दुखते. सासूबाई तेल लावून दाबून बसवायला सांगतात, एका ठिकाणी काढून टाकायचा सल्ला मिळाला. (बार्शी)

दाबू नका, आणि काढायला तर अजिबात देऊ नका. ती गाठ म्हणजे वाढू लागलेला स्तन आहे. ती कापली तर त्या बाजूला पुढे स्तनच येत नाही. एका बाजूने सुरुवात होणे नेहमीचे, दुसरी बाजू काही महिन्यांत येते.

पाहायचे आहे ते वय. मुलींत ८ वर्षांच्या आत स्तन वाढू लागणे आणि मुलांत ९ च्या आत वृषण मोठे होणे हे लवकर, ते तज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे. स्तनांची सुरुवात झाल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, पण लवकर सुरू झालेल्यांत हे अंतर कमी-जास्त होते. सगळ्याच मुलींना औषध लागत नाही. काहींत गाठ तिथेच थांबते. म्हणून ३ ते ६ महिने उंचीचा वेग, गाठीचा आकार आणि हाडांचे वय पाहतात. उंची एकदम सरसर वाढू लागली तर आनंद मानू नका : आज वर्गात उंच दिसणाऱ्या या मुलीची हाडे लवकर बंद होऊन ती पुढे ठेंगणी राहते. सकाळचे एलएच (वयात आणणारे हार्मोन), गर्भाशयाची सोनोग्राफी, गरज पडल्यास चेतवून केलेली एलएच चाचणी, आणि ६ वर्षांच्या आतल्या मुलींत व सर्व मुलग्यांत मेंदूचा एमआरआय हा तपासणीचा क्रम.

उपचार ठरला तर वयात येणे थांबवणारे ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन दर २८ दिवसांनी किंवा दर ३ महिन्यांनी असते. पहिल्या इंजेक्शननंतर थोडा रक्तस्राव झाला तर घाबरू नका. तारीख मात्र चुकवू नका. गड्ड्याची यात्रा, परीक्षा, लग्नसराई म्हणून दोन आठवडे पुढे ढकलले की थांबवलेले चक्र पुन्हा सुरू होते. बंद केल्यावर वर्ष-दीड वर्षात पाळी सुरू होते, मूल होण्यावर परिणाम होत नाही. हेही त्या सासूबाईंना सांगा, त्यांची काळजी बहुधा तीच असते.

प्रश्न : बाळ १२ दिवसांचे, टाचेच्या रक्तात टीएसएच खूप जास्त आले. गोळी कशी द्यायची? आई म्हणते, एवढ्याशा जिवाला गोळी नको, गुटी पुरे. (अक्कलकोट)

आजच सुरू करा. टीएसएच खूप जास्त म्हणजे बाळाचे थायरॉईड कमी पडते आहे. पक्की रक्ततपासणी करायला घ्या, पण तिच्या निकालासाठी गोळी रोखू नका. दुसऱ्या आठवड्याच्या आत थायरॉक्सिन सुरू झाले तर मेंदूची वाढ नेहमीसारखी होते, आणि गेलेले महिने नंतर भरून येत नाहीत. डोस किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ३ किलोच्या बाळाला ३० ते ४५. नेमका आकडा डॉक्टर देतील. गोळी दोन चमच्यांत दाबून पूड करा, चमच्यातच दोन-चार थेंब आईचे दूध किंवा पाणी घालून लगेच पाजा. बाटलीभर दुधात मिसळू नका, कारण बाळाने निम्मे सोडले की निम्मा डोसही गेला. तयार करून ठेवू नका. लोह, कॅल्शियमचे थेंब ४ तासांच्या अंतराने. लगेच उलटी झाली तर पुन्हा द्या. १०० गोळ्यांची बाटली झाकण घट्ट लावून अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यात फ्रिजवर किंवा चुलीजवळ ठेवलेली बाटली निकामी होऊ शकते. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त, मग पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी. गोळी बंद करता येईल का, हे ३ वर्षांचे झाल्यावर डॉक्टर पाहतात, त्याआधी कुणाच्याही सांगण्यावरून नको. बाळगुटीने थायरॉईड मिळत नाही.

प्रश्न : मुलीला टाइप-१ मधुमेह. उन्हाळ्यात वीज जाते, इन्सुलिन कसे सांभाळावे? (माढा)

न उघडलेल्या कुप्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात नको. वापरातली कुपी २८ दिवस, पण ती २५ ते ३० अंशांच्या आत, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० च्या घरात. म्हणून माठ. मोठ्या माठात ओली वाळू घाला, तिच्यात लहान मडके बसवा, त्यात झाकणाच्या डब्यात कुपी, वर ओले फडके. वाळू दिवसातून दोनदा भिजवा. कुपी पाण्यात बुडू देऊ नका आणि बर्फाला टेकवू नका. दुचाकीच्या डिकीत क्षणभरही नको. पाण्यासारख्या इन्सुलिनमध्ये गढूळपणा दिसला किंवा दुधाळ इन्सुलिनच्या काचेला कण चिकटले तर ती कुपी बाद.

सिरिंजचे टोपण रोज पाहा. मिलिलिटरला ४० युनिटच्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या कुपीला नारिंगी. १०० ची कुपी लाल सिरिंजने भरली तर अडीचपट इन्सुलिन जाते आणि मूल झोपेतच बेशुद्ध होऊ शकते. साखर ७० च्या खाली गेली तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ताप-उलट्यांत मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करू नका, आजारात ते बहुधा जास्तच लागते. दर ३-४ तासांनी साखर आणि लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडले की तयार होणारे आम्ल) पाहा. साखर २५० च्या वर, कीटोन आणि उलट्या एकत्र दिसल्या, किंवा श्वास खोल आणि जोरात चालला, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहू नका. रात्रीच जवळच्या रुग्णालयात भरती करा.