कॉइलच्या नटातलं पितळी चक्र फेकू नका

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझ्या सासऱ्यांनी घेतलेली १९६८ ची अॅम्बॅसिडर मार्क टू आमच्याकडे आहे. रंकाळ्याजवळ घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते. पावसाळ्यानंतर एका ठिकाणी तिच्या प्लगच्या वायरी बदलून घेतल्या, लाल रंगाच्या. तेव्हापासून गाडी मिसिंग मारते (अडखळत चालते), पन्हाळ्याच्या चढाला दम सोडते आणि दमट सकाळी सुरूच होत नाही. कॉइलवर प्लस-मायनस नाही, 'एसडब्ल्यू' आणि 'सीबी' अशी अक्षरं आहेत. कॉइलमधली जाड वायर एका काळ्या नटातून आत जाते. त्या नटात एक छोटं पितळी चक्र होतं, ते "आता लागत नाही" म्हणून माझ्या हातात दिलं. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) कॅपमध्ये वायरी आडव्या शिरतात, टोकाला कसलीच टोपी नाही. एवढं विचित्र असेल तर सगळं काढून नवी कॉइल आणि नवे कनेक्टर बसवावेत का?
– एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर : ताई, काहीही काढू नका. आधी ते पितळी चक्र शोधा. तुमच्या गाडीचं निम्मं दुखणं तिथंच आहे, असं पत्र वाचताच वाटलं.

तुमच्या कॉइलची, म्हणजे बॅटरीची वीज ठिणगीइतकी वाढवणाऱ्या डब्याची, रचना जुनी, पण फार विचारानं केलेली आहे. जाड वायर आधी काळ्या नटातून ओवायची. टोकाचं रबर साधारण ६ मिलिमीटर सोलायचं. आतल्या तांब्याच्या तारा चक्राच्या भोकातून बाहेर काढून चक्रावर चारी बाजूंना पसरून दुमडायच्या आणि मग नट हातानंच घट्ट आवळायचा. पसरलेलं तांबं कॉइलच्या आतल्या टोकावर दाबून बसतं. चक्र नसेल तर वायर नुसती भोकात लोंबते. ठिणगी आधी ती फट ओलांडते, मग पुढे जाते. कोरड्या हवेत कसंबसं भागतं, दमट सकाळी नाही. चक्र हरवलं असलं तरी घाबरू नका. उद्यमनगरात लेथवर काम करणारा कुणीही पितळेचं चक्र कातून देईल, नमुन्याला मोजमाप मात्र घेऊन जा.

आता त्या लाल वायरी. त्यांच्या आत तांबं आहे का, हे टोक कापून बघा. हल्लीच्या बऱ्याच वायरींत कार्बनचा धागा असतो. तुमच्या कॅपमध्ये वायर आडवी आत जाते आणि कॅपच्या आतून एक टोकदार स्क्रू तिच्या पोटात घुसतो, तोच तिथला कनेक्टर. तांब्याच्या तारांत स्क्रू छान रुततो. कार्बनचा धागा मात्र त्या टोकानं चुरडतो, जळतो आणि महिन्या-दोन महिन्यांत मिसिंग सुरू होतं. म्हणून या गाडीला ७ मिलिमीटरची तांब्याच्या गाभ्याचीच वायर घ्या, मीटरवर मिळते. वायर कॅपच्या तळापर्यंत दाबून घाला, मग स्क्रू आवळा. मधल्या वायरीचा स्क्रू कॅपच्या आत मधोमध असलेल्या कार्बनच्या छोट्या खुंटीखाली लपलेला असतो. तो कार्बन हलक्या हातानं काढल्याशिवाय स्क्रू दिसत नाही, त्यामुळे बरेच जण तो सोडूनच देतात. जोडताना ठिणगीचा क्रम १-३-४-२ ठेवा. तांब्याच्या वायरींनी आकाशवाणी कोल्हापूर ऐकताना खरखर येईल. ती नको असेल तर प्लगला रेझिस्टर असलेल्या टोप्या लावा.

अक्षरांचं म्हणाल तर एसडब्ल्यू म्हणजे स्विचकडून येणारी वायर आणि सीबी म्हणजे पॉईंटकडे (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडमीट करणाऱ्या संपर्काकडे) जाणारी. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत पांढरी वायर स्विचकडून येते आणि पांढऱ्यावर काळी रेघ असलेली पॉईंटकडे जाते. पण इथं एक गोष्ट बघावीच लागेल : बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय? जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत प्लस बॉडीला असे आणि अक्षरांच्या कॉइल बहुतेक त्याच हिशेबानं गुंडाळलेल्या आहेत. प्लस बॉडीला असेल तर अक्षरांप्रमाणे जोडा. मधे कुणी बॅटरी फिरवून मायनस बॉडीला केलं असेल, तर या दोन वायरींची अदलाबदल करा. पुढे कधी प्लस-मायनसची कॉइल आलीच, तर पॉईंटची वायर बॉडीला जे चिन्ह आहे त्याच चिन्हाला लावा. उलटं जोडलं तरी इंजिन चालतं, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपते. प्लगचा मधला तापलेला इलेक्ट्रोड मायनस असला की ठिणगी सहज पडते. उलट झालं की जास्त व्होल्टेज लागतं आणि चढाला नेमकं तेच कमी पडतं. जुने प्लग काढून बघा. बाजूच्या वाकड्या इलेक्ट्रोडला आतून वाटीसारखा खड्डा पडला असेल तर जोडणी उलटी होती असं समजा.

एवढं करूनही दोष राहिला तर बुलेट कनेक्टरांकडे वळा. काळ्या रबरी नळीत दोन्हीकडून पितळी गोळ्या शिरतात ते. आपल्याकडच्या पावसात आतली पत्र्याची नळी गंजते आणि वरून सगळं ठाकठीक दिसतं. मल्टीमीटर असेल तर पॉईंट मिटलेले ठेवून किल्ली लावा. बॅटरीचं जे टर्मिनल गाडीच्या बॉडीला जोडलेलं नाही त्यावर मीटरचं एक टोक, दुसरं कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलवर ठेवा. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक आहे. एक व्होल्टच्या वर गेलं तर वाटेतला कुठला तरी सांधा ती वीज खातोय. त्याच वाटेवर एकेक कनेक्टर मागं जात मोजा, सापडेल. मोजून झालं की किल्ली लगेच बंद करा. या कॉइलचं प्राथमिक वेटोळं साधारण ३ ओहमचं असतं, म्हणजे पॉईंट मिटलेले असताना ४ अॅम्पियरच्या आसपास करंट सतत वाहतो आणि कॉइल तापते.

मीटर नसेल तर टेस्ट लॅम्प पुरे. एक टोक कॉइलच्या पॉईंटकडच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवा लुकलुकला तर पॉईंट काम करतायत. सतत पेटून राहिला तर पॉईंट मिटत नाहीत किंवा काळे पडलेत. आणि स्विचकडे वीज असूनही दिवा पेटलाच नाही तर बहुधा पॉईंटची वायर कुठे तरी बॉडीला लागलीय. अशा वेळी कॅप काढून पॉईंटच्या खांबावरचा क्रम बघा. कंडेन्सरची (पॉईंटवरची ठिणगी शोषणाऱ्या डबीची) आणि कॉइलकडून आलेली वायर, दोन्हींची टोकं पॉईंटच्या पट्टीला टेकली पाहिजेत, पण मधल्या खांबाला नाही. त्यासाठीच तिथं छोटा प्लास्टिकचा बूश असतो. पॉईंट बदलताना तो वरखाली झाला की नवीकोरी गाडीसुद्धा ठिणगी देत नाही.

दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बघायला आपल्या गावातली माणसं अजून गर्दी करतात. तुमच्या सासऱ्यांची गाडीही तशीच मूळ सांध्यांनिशी राहू दे, एवढं माझं मनापासून सांगणं आहे.

प्रश्न : जुन्या वायरिंगला थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) दाबून बसवावी की सोल्डर करावी?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : योग्य पक्कड असेल तर दाबूनच बसवा. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि इंजिनच्या थरथरीनं वायर नेमकी तिथंच तुटते. सोल्डर करायचंच असेल तर फक्त टोकाला करा, वर नळी चढवा आणि वायर जवळच क्लिपनं बांधा. पिळून टेप गुंडाळलेला सांधा इंजिनच्या खोलीत एकही ठेवू नका.