गाडी मिळेल, डिझेलचं काय?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं महिला मंडळ मोखाडा तालुक्यात ७ वर्षं काम करतंय. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे. पाड्यांवर जायला फिरता दवाखाना हवा आहे. मुंबईच्या जपानी कॉन्सुलेटकडून १ कोटी मिळतात, असं एका गृहस्थांनी सांगितलं. अर्ज लिहून द्यायचे ते ४० हजार मागतात. आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, नाही. ते म्हणतात, शेजारच्या मोठ्या संस्थेच्या खात्यात पैसे घेऊ, मग तुमच्याकडे वळवू. नाहीतरी पैसे रुपयांतच येणार. काय करावं? — एक सचिव, पालघर जिल्हा

उत्तर : सचिवबाई, आधी ते ४० हजार कपाटात ठेवा आणि किल्ली खजिनदारबाईंकडे द्या. अर्जाला कॉन्सुलेट फी घेत नाही. नियम आणि कोरा अर्ज त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. आणि तो अर्ज तुम्हीच लिहिलेला बरा, कारण पुढे पाहणीला माणूस आला की उत्तरं तुम्हाला द्यायची आहेत, त्या गृहस्थांना नाही.

दुसरं, तो कोटी येनांचा. जपानची ही तळागाळातल्या संस्थांसाठीची योजना १९८९ सालची. जपानी लोक तिला ‘कुसा नो ने’ म्हणतात, म्हणजे गवताची मुळं. एका प्रकल्पाला साधारणपणे १ कोटी येनपर्यंत मदत मिळते. रुपयांत ते अर्ध्याहून थोडे जास्त भरतात, दर हलेल तसे. गाडी आणि आतली उपकरणं यांत बसतील. कोटी रुपये समजून अंदाजपत्रक कराल तर पहिल्याच पानावर फसाल.

आता खरी मेख. परकीय सरकार किंवा त्याची वकिलात हा कायद्याच्या भाषेत ‘परकीय स्रोत’. त्याने पैसे येनमध्ये दिले काय, रुपयांत दिले काय आणि बँक मुंबईचीच असली काय, ती परकीय देणगीच. ‘रुपयांतच येणार’ हे वाक्य मी बावीस वर्षं हिशेब लिहिताना इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली ऐकलं की आधी चहा मागवते. शेजारच्या संस्थेचं तर विसराच. २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आहे, दुसरीकडे एफसीआरए असलं तरीही. तुमच्यासाठी त्यांची नोंदणी जाईल, आणि गावात तोंड दाखवायची पंचाईत ती वेगळीच.

मग वाटा दोन. एफसीआरए नोंदणी हवी तर संस्था किमान ३ वर्षं जुनी लागते आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला दिसावा लागतो. महिला मंडळाला हा आकडा अनेकदा जड जातो. तो भरत नसेल तर सरकारची पूर्वपरवानगी : ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम, ठरावीक काम, आणि देणगीदाराचं तसं पत्र. म्हणजे आधी कॉन्सुलेटला विचारा की पूर्वपरवानगीवर येणारी संस्था त्यांना चालते का, की पक्की नोंदणीच हवी. एका फोनचं काम आहे.

परकीय देणगीचं खातं मात्र दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच निघतं. घाबरू नका, दिल्लीला जावं लागत नाही. जवळच्या स्टेट बँकेत कागद देता येतात. पदाधिकाऱ्यांचे आधार तयार ठेवा. आणि हो, पीटीआरवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, अजून जुन्याच विश्वस्तांची नावं आहेत का, ते आजच बघा. आमच्याकडे अध्यक्षबाई वारल्या, नवीन निवडल्या, ठरावही झाला, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे हा बदल धर्मादाय कार्यालयाला कळवायचा अर्ज, कुणी दाखलच केला नव्हता. सगळे कागद हातात आणि सही करायला कायदेशीर माणूस नाही! त्यात आठ महिने गेले.

कोटेशनबद्दल एक गोष्ट सांगते. एका वकिलातीकडे आम्ही आश्रमशाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी अर्ज केला होता. तीन कोटेशनं लागतात, तशी तीन लावली. पाहणीला आलेल्या बाईंनी दोन कागद शेजारी ठेवले आणि बोट टेकवलं. दोन्हींत ‘स्टेनलेस स्टील’च्या जागी ‘स्टेनलेस स्टिक’. आमच्या दुकानदाराने उत्साहाच्या भरात दुसरं कोटेशनही स्वतःच टाइप करून आणलं होतं. मला खरंच ठाऊक नव्हतं, पण फाइलवर सही माझी. नव्याने तीन आणली, वर्ष पुढे गेलं. त्याच बाई आवारात गेल्या तेव्हा इमारतीकडे त्यांनी फारसं बघितलंच नाही. नळ सोडून बघितला आणि मुलींना विचारलं, सुट्टीत पंपाची किल्ली कुणाकडे असते? तिघी मुलींनी तीन नावं सांगितली.

त्यावरून तुमच्याकडे येते. ही मदत वस्तूची असते. गाडी, उपकरणं, इमारत, विहीर. चालकाचा पगार, डिझेल, औषधं, गाडीची दुरुस्ती त्यात धरत नाहीत. मोखाड्याचे घाट, पावसाळ्यातले रस्ते, टायर किती दिवस टिकतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जाणता. तेव्हा अर्ज लिहिण्याआधी एका वहीत महिन्याचा खर्च मांडा : आठवड्याला किती पाडे, किती किलोमीटर, डॉक्टर कोण आणि कोणत्या वारी, चालकाला किती, विम्याचा हप्ता कधी. समोर लिहा की पैसे कुठून येणार. हे पान रिकामं राहिलं तर मी म्हणेन, गाडी मागूच नका. एका संस्थेच्या पडवीत शिलाई मशिनं प्लॅस्टिकसकट उभी बघितलीत मी. शिकवणाऱ्या बाईंना मानधन कुणी द्यायचं, ते ठरलंच नव्हतं.

आणखी एक. करारावर सही होण्याआधी काहीही विकत घेऊ नका. आधीचा खर्च भरून मिळत नाही. सही झाल्यावर गाडीचं मॉडेल बदलायचं झालं तरी आधी लेखी विचारा. आणि नोंदणी मिळाल्यावर ज्या वर्षी परदेशातून एक रुपयाही आला नाही, त्या वर्षीही एफसी-४ हे विवरण ३१ डिसेंबरच्या आत भरायचं. शून्य लिहून भरायचं, पण भरायचं.

प्रश्न : मुक्तिनाथला गेलो होतो तेव्हा नेपाळमध्ये एका रुग्णवाहिकेवर भारताकडून भेट, असं लिहिलेलं दिसलं. आपणही असं देतो का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : देतो की. काठमांडूतली आपली वकिलात १९९४ पासून तिथल्या संस्थांना रुग्णवाहिका देते, आतापर्यंत हजाराच्या वर गेल्या आहेत, शाळांना बसही. बहुधा २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला चाव्या देण्याचा कार्यक्रम असतो. शाळा, आरोग्य केंद्रं, पिण्याचं पाणी यांसाठी वेगळी लहान प्रकल्पांची योजना २००३ पासून आहे. ते काम नेपाळच्या स्थानिक प्रशासनामार्फत होतं. प्रकल्पाची मर्यादा ५ कोटी नेपाळी रुपये होती, जानेवारी २०२४ च्या कराराने २० कोटी झाली. इथेही चलन बघा बरं का. आपल्या रुपयांत ते साडेबारा कोटी. तुम्हाला दिसलेल्या गाडीत डिझेल कोण भरतं, ते चालकाला विचारलंत का?