पाण्यावर पीएचडी करायची आहे, फेलोशिप कुठली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भूगोलात एमए झालंय, सेट पास आहात, पाणी वापर संस्थांवर (कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांवर) पीएचडी करायची आहे, तर ‘पाणी धोरणासाठीची’ फेलोशिप कोण देतं? या नावाने शोधत बसलात तर वर्ष जाईल. माझं गेलं होतं. पाण्याच्या नावाने पैसे क्वचित मिळतात. ते परीक्षेच्या, विद्याशाखेच्या नाहीतर सामाजिक प्रवर्गाच्या दारातून येतात.

सेटवर प्राध्यापकाच्या नोकरीला अर्ज करता येतो, फेलोशिप मिळत नाही. म्हणून आधी नेट-जेआरएफ, म्हणजे यूजीसीच्या नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप. जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ फेलोला, 42,000, शिवाय घरभाडं. ते हुकलं तर आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद: महिना 20,000 आणि वर्षाला 20,000 आकस्मिक खर्चासाठी. पुण्यात खोली घेऊन राहणार असाल तर हिशेब घट्ट बसतो, पण काम होतं. बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या लक्ष्यगटात बसत असाल तर त्यांच्या जाहिरातींवर डोळा ठेवा. जागा आणि अटी दर वेळी बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. तिथे पीएचडीची नोंदणी आधी लागते. फुलब्राइट-नेहरूची अमेरिकेतली सहा ते नऊ महिन्यांची डॉक्टरल फेलोशिपही भारतात नोंदणी झालेल्यांसाठीच आहे, तिचा विचार नंतर.

आता खरी अडचण. ‘पाणी वापर संस्थांचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांत हेच पकडतात. आणि कृपा करून वाघाडला जाऊ नका! नाशिकचा तो प्रकल्प शेतकऱ्यांनी खरंच उत्तम चालवला, पण इतके अभ्यासक येऊन गेलेत की तुम्ही नवीन काय विचारणार? त्यापेक्षा कुठल्यातरी कालव्याच्या टेलची, म्हणजे शेवटच्या टोकाची, कागदावर जिवंत असलेली संस्था धरा. शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करण्याबद्दलचा राज्याचा 2005 चा कायदा सांगतो की संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, मोजून द्यायचं. मग ज्या चारीवर (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटावर) मोजमापाचं साधनच मोडून पडलंय, तिथे पाणीपट्टी कशावर आकारतात? आकडा कोण लिहितं, सही कोण करतं? हा प्रश्न झाला. तो भूगोलात बसतो, अर्थशास्त्रातही बसतो. प्रवाह मोजण्याची बाजू आवडत असेल तर गाइड जलअभियांत्रिकीतला शोधावा लागेल, आणि मग पैशाचं दारही गेट या अभियांत्रिकीच्या परीक्षेचं, आयआयटीचं होतं. म्हणून प्रश्न आधी, फेलोशिप नंतर.

फिल्डवर्कचं वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रावर लावू नका, आवर्तनावर, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या फेऱ्यांवर लावा. 15 ऑक्टोबरचा धरणातला साठा धरून रब्बीचं नियोजन होतं, कालवा सल्लागार समितीची बैठक होते, मग कुणाला पाणी कधी, त्या पाळ्या ठरतात. तुम्ही तेव्हा चारीवर असायला हवं, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याबरोबर, रात्रीसुद्धा. टेलच्या माणसाची पाळी बहुतेक रात्रीच येते. मी पहिल्या वर्षी जूनमध्ये प्रश्नावल्या घेऊन पोहोचलो. कालवा कोरडा आणि माणसं पेरणीच्या घाईत. दोन आठवडे चहा पिऊन परतलो. नमुना नंबर 7 चे, म्हणजे पाणी मागणीचे, अर्ज आणि मागणी रजिस्टर मात्र उन्हाळ्यात बघून घ्यावं, शाखा कार्यालयात तेव्हा जरा निवांतपणा असतो.

पैसे उशिरा येतात हे गृहीत धरा. माझा पहिला हप्ता अकरा महिन्यांनी जमा झाला, तोवर मोठ्या भावाने सांभाळलं. उसनं कोणाकडून घ्यायचं हे आधीच ठरवून ठेवा, गंमत करत नाहीये.

कुठला कालवा डोक्यात आहे ते इथे लिहा. गोदावरी खोरं असेल तर वरची धरणं आणि जायकवाडी यांच्यातल्या समन्यायी वाटपाचा मजनिप्राचा (महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा) सप्टेंबर 2014 चा आदेश प्रस्ताव लिहिण्याआधी वाचून घ्या. टेलची संस्था त्या भांडणात कुठे आहे, हे तुम्हाला कोणीतरी विचारणारच.