‘समान’ शिक्षण की ‘समन्यायी’?

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका सरांनी विचारलंय: शाळा विकास आराखड्यात ‘सर्वांना समान शिक्षण’ लिहावं की ‘समन्यायी’? व्यवस्थापन समितीतल्या पालकांना ‘समन्यायी’ हा नुसता सरकारी शब्द वाटतो. शिवाय ‘समावेशित’ बरोबर की ‘समावेशक’?

सर, ‘समन्यायी’ तितका परका नाही. धरणांवरून वाद पेटले की ‘समन्यायी पाणीवाटप’ पेपरात हमखास येतं. ज्याची जशी गरज, तसा त्याचा न्याय्य वाटा, हाच अर्थ शाळेतही घ्यायचा. ‘समान’ म्हणजे सगळ्यांना एकच माप. पाठ्यपुस्तकांच्या वाटपाला तो शब्द चपखल बसतो.

शिकवण्याला मात्र तो अपुरा पडतो. पहिलीच्या वर्गात पाण्याचं चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारलं आणि कोरकू आदिवासी लेकरू ‘डा’ म्हणालं, तर त्याचं उत्तर बरोबरच आहे. कोरकू भाषेत पाण्याला ‘डा’च म्हणतात. गुरुजींना कोरकू येत नसेल, तर तेच लेकरू ‘अप्रगत’ म्हणून नोंदलं जातं, आणि याचा मला मनापासून राग येतो. त्याला सुरुवातीला कोरकूतून समजावणारं माणूस मिळणं, हा त्याचा समन्यायी वाटा. राज्यघटनेचं कलम ३५० अ (१९५६ सालच्या दुरुस्तीतलं) प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही ‘शक्य तेथवर मातृभाषा’ आहेच. पालकांपुढे हे जरूर मांडा.

आता दुसरा शब्द. ‘समावेशित’ म्हणजे ज्याला सामावून घेतलं ते, आणि ‘समावेशक’ म्हणजे सामावून घेणारं. सामावून घेतलं जातं मूल. घेणारं असतं शिक्षण. म्हणून ‘समावेशक शिक्षण’च नेमकं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची व्याख्याही हेच सांगते: दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतील आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजांप्रमाणे बदलेल. म्हणजे बदलायचं ते व्यवस्थेनं. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेच्या कागदांत ‘समावेशित शिक्षण’ रूढ आहे, तेव्हा योजनेचं किंवा पदाचं नाव लिहिताना ते तसंच ठेवा.

आराखड्यात असं लिहिता येईल: ‘आमची शाळा समावेशक असेल, प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे समन्यायी शिक्षण मिळेल, आणि पहिली-दुसरीत कोरकूचा वापर केला जाईल.’