अपडाऊनची सवय आहे म्हणून बदलापूरला फ्लॅट घ्यावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर पाचोऱ्याहून जळगावला रोजचं अपडाऊन, आता नोकरी लागलीय मुंबईत बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत येणार, आई येऊन-जाऊन राहणार. एजंट बदलापूरला नव्या इमारतीतला वन बीएचके गळ्यात मारायला बघतोय, मेव्हणे म्हणतात कल्याण बघा. आणि तुमचं म्हणणं, "अपडाऊनची सवय आहे, अर्धा तास इकडे की तिकडे, काय फरक पडतो?"

मी चाळीसगावचा. बरीच वर्षं आधी कल्याण पूर्वेला आणि मग डोंबिवलीत काढली, आता जळगावात आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: आत्ता विकत काहीही घेऊ नका. एक अख्खा पावसाळा भाड्यानं राहा, आणि तेही कल्याणला.

आधी त्या सवयीचं बघू. पाचोरा ते जळगाव रेल्वेनं ४७ किलोमीटरच्या आसपास, कल्याण ते कुर्ला, जिथे तुम्हाला बीकेसीसाठी उतरायचंय, ३८. कागदावर तुमचा प्रवास कमीच होतोय. पण आपल्याकडचं अपडाऊन म्हणजे ठरलेला डबा, ठरलेली मंडळी, पत्त्यांचा डाव. गाडी म्हसावदला पंधरा मिनिटं उभी राहिली तर फार तर साहेब बोलतो. कल्याणची सकाळ वेगळी. कर्जत-कसाऱ्याहून येणारी लोकल आधीच भरून येते. कल्याणहून सुटणारी गाडी मिळाली तर बसायची थोडी आशा, तीही गाडी फलाटाला लागताना चालत्या डब्यात उडी मारणाऱ्यांशी स्पर्धा करून. डोंबिवलीला तर आठच्या फास्टला आत शिरणं हेच काम असतं, म्हणून कितीतरी लोक उलटे कल्याणला जाऊन तीच गाडी बसून परत आणतात. त्यात त्यांचा वेळ जातो, पण पाय वाचतात.

दारात लटकायची वेळ आली तर ती गाडी सोडा. हे मी काळजीपोटी म्हणत नाही, हिशोब म्हणून म्हणतोय. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली आणि जीव गेले. ती तुमच्या-माझ्यासारखी रोजचा प्रवास करणारी माणसं होती. म्हणजे तुमच्या वेळापत्रकात एक गाडी सुटेल एवढी जागा हवीच. कल्याणला एक सोडली तर दुसरी लवकर मिळते. बदलापूरला तसं नाही. तिथून सुटणाऱ्या लोकल आहेत, पण मधलं अंतर जास्त, आणि कल्याणच्या पुढे आजवर दोनच मार्गांवर लोकल, पुण्याकडच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या अशी सगळी वाहतूक चालत आलीय. एक काही अडलं की मागचं सगळं अडतं.

बरं, कुर्ल्याला उतरलात म्हणजे बीकेसी आलं असं नाही. पश्चिमेला बाहेर पडायचं, शेअर रिक्षाच्या रांगेत लागायचं नाहीतर बस धरायची. पावसात ही रांग हलतच नाही. संध्याकाळी याच्या उलट, आणि कुर्ल्याला येणारी बदलापूर फास्ट दादरलाच भरलेली असते. एजंट तुम्हाला "स्टेशनपासून दहा मिनिटं" सांगतो ते रविवारी सकाळी अकराचं, त्याच्या मोटरसायकलवरचं गणित. तुम्ही असं करा: घर पक्कं करण्याआधी कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करा आणि मंगळवार-बुधवारी, पाठीवर बॅग, हातात डबा घेऊन, घराच्या दारापासून बीकेसीतल्या इमारतीच्या लिफ्टपर्यंत जाऊन बघा. आणि त्याच दिवशी सहा-साडेसहाला निघून परत या. परतीचा प्रवास बघणं महत्त्वाचं, कारण सकाळी माणूस ताजा असतो, काहीही सहन करतो.

हे झालं तुमचं. पण तुम्ही दिवसातले बारा-तेरा तास त्या गावात नसणारच. तिथे राहणार बायको, मुलगी आणि आई, आणि तुमच्या अख्ख्या प्रश्नात त्यांच्याबद्दल अर्धी ओळ आहे.

वहिनी नोकरी करणार आहेत का? करणार असतील तर त्यांची नोकरी कुठे मिळू शकते हे आधी, फ्लॅट नंतर. दोघंही लोकलनं जाणार असाल तर सगळा खेळ पाळणाघराच्या बंद व्हायच्या वेळेवर येतो. पाळणाघर सात-साडेसातला बंद. ओव्हरहेड वायर तुटली, सायनला पाणी भरलं, तुम्ही दोघं घाटकोपरला उभे, आणि पोरगी पाळणाघराच्या बाईंच्या मांडीवर. असं वर्षातून काही वेळा होणार, धरूनच चाला. त्या दिवशी मुलीला घरी आणणारं माणूस कोण? शेजारी, नात्यातलं कुणी, गाववाला, कुणीही चालेल, पण नाव ठरलेलं हवं. मी कल्याणचा आग्रह धरतो त्यातलं मोठं कारण हे आहे. कल्याण पूर्वेला आपल्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. श्रावणात तिथे आपली खानदेशी देवी कानबाई बसते, जिन्यात अहिराणी ऐकू येते, किराणावाल्याकडे शेवभाजीची तिखट शेव मागितली तर तो "कोणती" असं विचारत नाही. नव्या टाउनशिपमध्ये पोहायचा तलाव असेल, पण संध्याकाळी सातला पोर आणायला कुणाला सांगणार?

आईंसाठी दोन गोष्टी. लिफ्ट, आणि खाली बसायला जागा. कल्याण-डोंबिवलीतल्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नसते, भाडं म्हणूनच कमी असतं. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची सवय असलेलं माणूस तिसऱ्या मजल्यावर कोंडलं की आठ दिवसांत "मले गावले सोडी दे" सुरू होतं. तळमजला घेतला तर पावसात पाणी शिरतं का ते वॉचमनला विचारा, मालकाला नको.

पाण्याचंही तसंच. मालक म्हणणार चोवीस तास पाणी. तुम्ही न्हाणीघरात डोकवा. निळे ड्रम ओळीनं मांडलेले असतील तर उत्तर मिळालं. मग शेजारच्या भाडेकरूला विचारा, उन्हाळ्यात टँकर येतात का आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरतात की वेगळे मागतात. कल्याण-डोंबिवली महापालिकेत २०१५ मध्ये घेतलेल्या २७ गावांच्या पट्ट्यात इमारती झपाट्यानं वाढल्या, पाण्याची लाइन मागे राहिली. तिथे घर बघत असाल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला स्वस्त मिळालं तर एकदा रात्री दहानंतर चक्कर मारा आणि वास घ्या. २३ मे २०२४ ला तिथल्या फेज दोनमध्ये रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा लांबपर्यंतच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या. बाकी डोंबिवली राहायला छान गाव. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जाऊन बघा एकदा, मुंबईत असूनही गावात असल्यासारखं वाटतं.

हवेचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिकडे त्याच्या तिप्पट-चौपट. वर्षाचे गहू एकदम भरून कोठीत ठेवायची आपली पद्धत तिथे चालत नाही. वन बीएचकेमध्ये कोठीला जागा नाही, आणि जागा केलीत तरी जुलैत हवेतल्या ओलीनं किडे होतात. दोन महिन्यांचे न्या, गावी गेलात की परत आणा. बिबडे, कुरडया, पापड गावीच वाळवून घ्या, गॅलरीतल्या दोन तासांच्या उन्हावर भरवसा ठेवू नका. कपाटातल्या चामडी चपलांना आणि लग्नाच्या शालूंना बुरशी येते. आणि टेम्पोत कूलर चढवू नका. आपल्या कोरड्या उन्हात गवताचा कूलर गार हवा देतो, कारण पाणी पटकन उडतं. कल्याणच्या दमट हवेत ते उडतच नाही, खोली फक्त चिकट होते.

आता गावाशी दोर. तुम्ही दर महिन्याला नाही गेलात तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनींना माहेरी जायचं असणार, शेतीचं काही असणार, आईंना आणणं-सोडणं असणार. भुसावळकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या कल्याणला थांबतात. बदलापूर कल्याणहून पुण्याकडे जाणाऱ्या फाट्यावर आहे, म्हणजे पहाटे साडेतीनला कल्याणला उतरायचं, झोपलेली पोरगी खांद्यावर, एका हातात भरताच्या वांग्यांची पिशवी, आणि पहिल्या लोकलची वाट बघत फलाटावर बसायचं. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, मेमधलं तिकीट त्याच सकाळी काढा, नाहीतर वेटिंग. (हे पाचोरा, चाळीसगाव, जळगाव, भुसावळवाल्यांसाठी. कुणी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरचं वाचत असेल तर तुमची खानदेश एक्सप्रेस सुरत मार्गानं पश्चिम रेल्वेवर येते. नोकरी अंधेरी-बोरिवलीकडे असेल तर कल्याणच्या नादी न लागता विरार-वसई बघा.)

विकत घ्यायचंच असेल तर वर्षानंतर, आणि तेव्हाही नुसता महारेरा नंबर, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक, बघून समाधान मानू नका. डोंबिवली परिसरात खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण निघालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायचे आदेश दिले. आत हप्ते भरणारी कुटुंबं राहत होती. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा, ती त्यांनीच दिलीय का विचारा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला हरकत नसल्याचा दाखला, हातात आल्याशिवाय ताबा नको, आणि भाव चटईक्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर काढा. बदलापूरला उल्हास नदीची पूररेषा नकाशावर बघा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं होतं, त्या भागात इमारती आजही उठतायत. आणि मेट्रो येणार म्हणून जादा भाव देऊ नका. आज जी गाडी धावते तिचाच हिशोब करा.

भाड्याचं म्हणाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार सहसा ११ महिन्यांचा असतो, त्याची नोंदणी करून देणं कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे, पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही जाते. "नोटरीवर भागवू" म्हणणारा मालक सोडा. करार मेच्या शेवटी सुरू करा. शाळा जूनमध्ये उघडते, पाऊसही तेव्हाच लागतो, दोन्ही एकदम कळेल. मुलीची शाळा रुळांच्या ज्या बाजूला, घर त्याच बाजूला घ्या. पूर्व-पश्चिम ओलांडणं सोपं नसतं. कल्याणचा रुळांवरचा पत्री पूल पाडून नवा व्हायला २०१८ पासून २०२१ उजाडलं, तेवढी वर्षं लोकांनी कोंडीत काढली. करारात तुम्ही एक महिन्याची सूचना देऊन सोडू शकाल असं कलम घालून घ्या, आणि लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, सहा महिन्यांच्या वर मान्य करू नका. डिपॉझिट परत कधी आणि कशाची वजावट करून, हेही त्यातच लिहून घ्या. भिंतीची ओल जाताना तुमच्या माथी मारतात, म्हणून चावी घेतली त्याच दिवशी सगळ्या भिंतींचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.